जुना अमेरिकन बिडाचा तवा: पारखायचा कसा, साफ करायचा कसा, मुरवायचा कसा

अमेरिकेतल्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, किंवा घरातले जुने सामान विकायच्या गॅरेज सेलला गेलात की एखाद्या कोपऱ्यात, बहुधा जमिनीवरच, गंजलेले काळे तवे एकावर एक रचलेले दिसतात. तळाला बोटभर कीट, कडेला तांबूस गंज, हात लावावासा वाटू नये असे रूप. त्यातलाच एखादा 1920 किंवा 1930 च्या दशकात ओतलेला असतो आणि आठवडाभराच्या सवडीच्या कामात तो असा होतो की त्यावर थालीपीठ स्वतःहून सुटते. काम अवघड नाही. चुका मात्र ठरावीक आहेत, आणि त्यातल्या दोन-तीन अशा की तवा कायमचा वाया जातो. असा तवा ज्यांनी आजवर कधी घेतलेला नाही, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

आधी शब्दांचे बघू. तिकडे ज्याला स्किलेट म्हणतात तो आपल्या तव्यासारखा सपाट नसतो. त्याला साधारण दोन इंचांची उभी कड असते, एकसंध ओतलेला आखूड दांडा असतो आणि बहुतेकांना तेल ओतण्यासाठी दोन्ही बाजूंना चोच असते. अगदी बुटक्या कडेचा सपाट प्रकार म्हणजे ग्रिडल. दोन्ही बिडाचेच, म्हणजे ओतीव लोखंडाचे. खाली दोघांनाही तवाच म्हटले आहे.

जुनाच का

आजचा नवा तवा आणि 1930 चा तवा हातात घेऊन पाहा, फरक लगेच कळतो. जुन्या ओतशाळांत बारीक वाळूच्या साच्यात पातळ ओतकाम होई आणि नंतर आतला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला जाई. पुढे यंत्रांवर ओतकाम सुरू झाले, भिंती जाड झाल्या, घासण्याची पायरी गेली. म्हणून आजच्या बहुतेक तव्यांना रवाळ, खडबडीत अंग असते. साडेदहा इंचाचा जुना आठ नंबरचा तवा साधारण दोन किलोच्या आत-बाहेर भरतो, तर तेवढाच नवा त्याहून ठळक जड. एका हाताने उचलून तेल निथळायचे असेल तर हा अर्धा-पाऊण किलोचा फरक रोज मनगटाला जाणवतो. नवा तवाही उत्तम शिजवतो, टिकतोही. पण धिरडे-घावनासारख्या पातळ पिठाच्या पदार्थांना गुळगुळीत अंगाची सर खडबडीत अंगाला यायला फार वेळ लागतो.

तळावरची नावे वाचायला शिका

तवा उपडा करा. सगळी माहिती तळाला असते.

ग्रिसवोल्ड हे सर्वांत प्रसिद्ध नाव. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात 1865 मध्ये सुरू झालेला हा कारखाना 1957 मध्ये बंद पडला. दुहेरी वर्तुळात क्रॉस, त्यात ग्रिसवोल्ड हे नाव आणि खाली ईरीचा उल्लेख, ही त्याची खूण. मोठे चिन्ह आधीच्या काळातले; छोटे चिन्ह साधारण 1939 पासून शेवटपर्यंतचे. खाली छापलेला तीन आकड्यांचा क्रमांक साच्याचा असतो, आठ नंबरच्या नेहमीच्या तव्यावर 704 दिसतो. 1957 नंतर हे नाव दुसऱ्या मालकांकडे गेले. त्यामुळे चिन्ह आहे पण ईरी लिहिलेले नाही, असा तवा नंतरचा समजावा.

वॅगनर ओहायो राज्यातल्या सिडनीचा, 1891 पासूनचा. नावाखाली सिडनी आणि पुढे दोन रेघांमध्ये ‘ओ’ हे अक्षर असते, ते ओहायोचे. माझ्या मते शिकाऊ माणसाने वॅगनरच शोधावा. घडण ग्रिसवोल्डच्या तोडीची, आणि संग्राहकांची झुंबड मात्र ग्रिसवोल्डवर.

लॉज टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गची, 1896 पासूनची, आणि आजही चालू असलेली ओतशाळा. जुन्या लॉजवर पुष्कळदा नावच नसते. तळाच्या कडेच्या उंच कड्यात तीन ठिकाणी खाच दिसली तर तो लॉज. नाव नाही आणि आकार इंचांत लिहिलेला आहे असे दोन तवे वरचेवर भेटतात: ‘10 5/8’ इंच लिहिलेला अलाबामातल्या बर्मिंगहॅम स्टोव्ह अँड रेंजचा, तर ‘10 1/2’ इंच स्किलेट असे लिहिलेला वॅगनरचा उत्तरकाळातला. स्वयंपाकाला हे बिननावाचे तवे तितकेच चांगले, आणि किंमत नाववाल्यांच्या कितीतरी खाली.

तळाला आडवी, ओबडधोबड रेघ उमटलेली असेल तर तो तवा बहुधा एकोणिसाव्या शतकातला. धातू साच्यात ज्या वाटेने ओतला तिची ती खूण. असा तवा ठेवणीतला. रोजच्या वापराला दुसरा बघा.

नंबर म्हणजे इंच नव्हे. लाकडाच्या चुलीवरच्या गोल भोकांचे ते माप होते. तीन नंबर म्हणजे साडेसहा इंच, एका अंड्याला किंवा फोडणीला पुरेसा. पाच नंबर साधारण आठ इंच. आठ नंबर साडेदहा इंच, घरात एकच तवा ठेवायचा तर हाच. दहा नंबर पावणेबारा इंचांच्या आसपास. मोठे थालीपीठ बसते, पण भरलेला उचलायला दोन्ही हात लागतात.

नकली ग्रिसवोल्डही बाजारात आहेत. अक्षरे पुसट, कडा जाड, आतल्या बाजूला जाडसर घासल्याचे ओरखडे, एकूण अंग वाळूसारखे खरखरीत, अशी लक्षणे दिसली की ठेवून द्या.

दुकानातली पाच मिनिटांची परीक्षा

नावापेक्षा ही परीक्षा महत्त्वाची. सोबत एक छोटे लोहचुंबक आणि पोलादी पट्टी ठेवा.

पहिले काम चुंबकाचे. ग्रिसवोल्ड आणि वॅगनर या दोघांनीही ॲल्युमिनियमची भांडी पुष्कळ काढली. चुंबक चिकटला नाही तर ते बीड नाही, आणि खाली दिलेले कास्टिक सोड्याचे काम त्यावर कधीही करायचे नाही. कास्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकते आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो.

दुसरे, टकटक. तवा दांड्याच्या भोकात बोट घालून सैल लोंबता धरा आणि बोटाच्या पेराने किंवा लाकडी चमच्याने तळावर हलकेच ठोका. मातीचे मडके घेताना आपण करतो तेच. आवाज खणखणीत, लांबत जाणारा आला तर ठीक. बद्द आला तर तडा असू शकतो. कीट फार जाड असले तरी आवाज दबतो, म्हणून बद्द आवाजाच्या तव्याची कड आणि दांड्याचा सांधा उन्हात नेऊन बघा. केसाएवढी रेघ कडेवरून खाली उतरत असेल तर तो तवा कितीही स्वस्त असो, घेऊ नका. बिडाचा तडा तापण्या-निवण्यासोबत वाढतच जातो, आणि घरच्या घरी त्याला डाग देता येत नाही.

तिसरे, सपाटपणा. काचेवर किंवा फरशीवर ठेवून दांड्याला हलकी टिचकी मारा. भोवऱ्यासारखा फिरला तर तळ बाहेर फुगलेला आहे. मग पोलादी पट्टी आतून तळावर उभी धरा. मध्यभागी फट दिसली तर तळ खाली गेला आहे, कडांना दिसली तर मध्य वर आला आहे. मध्य वर आलेल्या तव्यात तेल कडेला पळते आणि धिरडे मधेच करपते. गॅसच्या शेगडीवर कागदाच्या जाडीएवढा फरक चालून जातो. काचेच्या शेगडीवर तोही चालत नाही.

चौथे, रंग. साधा गंज नारिंगी-तपकिरी असतो आणि तो पूर्ण जातो, त्याला घाबरू नका. पण कुठे विटकरी-गुलाबी झाक, खवल्यांसारखे अंग, राखाडी डाग दिसत असेल तर तवा कधीतरी आगीत टाकून साफ केलेला आहे. फार तापल्याने लोखंडाची घडणच बदलते. त्या डागावर तेलाचा थर धरत नाही, कितीही वेळा मुरवा.

खड्डे बाहेरून असले तर दुर्लक्ष करा. कोळशाच्या चुलीवरच्या गंधकाने तळ असा खाल्ला जातो. आतून खड्डे असतील तर अंडे आणि घावन चिकटणार.

पाचवी गोष्ट शिसे, आणि इथे जरा थांबायला हवे. अमेरिकेत मासेमारीची वजने आणि बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारे लोक लहान बिडाच्या भांड्यांत शिसे वितळवत. लहान नंबरचे तवे, चोचवाली खोल भांडी, लहान पळ्या यांत हा धोका जास्त. आत चंदेरी-करडे ठिपके, खाचेत बसलेला मऊ चकचकीत धातू, नखाने ओरखडा उठणारा, असे काही दिसले तर सोडून द्या. हार्डवेअरच्या दुकानात शिसे तपासायचे किट मिळते. साफसफाईच्या आधीच तपासा, कारण नंतर ते सगळे तुमच्या पाण्यात आणि घासणीत उतरते. शिसे लागलेला तवा घासून अन्नासाठी सुरक्षित करता येत नाही. पोरेबाळे असलेल्या घरात तर नुसती शंका पुरे.

कीट काढणे

तव्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात: जळलेल्या तेलाचे कीट आणि गंज. दोघांचे औषध वेगळे. कास्टिकने कीट जाते, गंज जात नाही. व्हिनेगरने गंज जातो, कीट जात नाही. हा क्रम उलटा केला की दिवसभर घासूनही काही हाती लागत नाही. म्हणून आधी कीट.

सोपा मार्ग ओव्हन क्लीनरचा. इझी-ऑफची पिवळ्या झाकणाची बाटली घ्या. निळ्या झाकणाच्या, कमी वासाच्या प्रकारात कास्टिक नसते आणि तो या कामाचा नाही. तवा बाहेर अंगणात किंवा बाल्कनीत न्या, लांब रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद गॉगल घाला. सगळ्या अंगाला जाड फेस मारा, जाड प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. पिशवी यासाठी की फेस वाळला की त्याचे काम थांबते. एक ते दोन दिवसांनी काढा, भरपूर पाण्याखाली नायलॉनच्या ब्रशने घासा. थर उरला तर पुन्हा मारा. तीन-चार फेऱ्या लागल्या तर त्यात वावगे काही नाही. शंभर वर्षांचे कीट आहे.

एकाहून जास्त तवे असतील तर कास्टिकची टाकी परवडते. पाच गॅलन, म्हणजे साधारण 19 लिटर थंड पाण्यात एक पौंड, म्हणजे 450 ग्रॅम कास्टिक सोडा. झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा आयताकृती डबा घ्या, कारण गोल बादलीत आठ नंबरचा दांडा वर उघडा राहतो. कास्टिक घेताना डब्यावर शंभर टक्के सोडियम हायड्रॉक्साइड लिहिले आहे का ते वाचा. मोरी उघडायच्या काही पुडरींत ॲल्युमिनियमचे तुकडे मिसळलेले असतात, ते चालत नाहीत.

कास्टिक पाण्यात घालायचे, थोडेथोडे, ढवळत. कास्टिकवर पाणी कधीही ओतायचे नाही; एकदम उकळून अंगावर उडते. पाणी कोमट-गरम होईल, ते अपेक्षित आहे. तवा तारेने लटकवून बुडवा आणि झाकण लावून कुलूप घाला किंवा मुलांच्या-कुत्र्याच्या वाटेबाहेर ठेवा. दोन दिवसांत कीट साबणासारखे मऊ होते; खरोखर तेलाचा साबणच होत असतो. जाड थराला दोन आठवडेही लागतात. थंडीत काम फार मंदावते, म्हणून न्यू जर्सी किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात ही टाकी मांडू नका, मे महिन्याची वाट बघा. तवा टाकीत महिनाभर विसरला तरी बिडाला काही होत नाही. हाताला शिंतोडा उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धरा. त्यावर व्हिनेगर चोळत बसू नका. डोळ्यात गेले तर धुता धुताच कोणाला तरी दवाखान्याची सोय करायला सांगा. तेच पाणी महिनोन्‌महिने वापरता येते. काळेभोर होऊन काम देईनासे झाले की ते गावाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्या.

आता काय करायचे नाही ते. शेकोटीत टाकू नका. ओव्हनच्या स्वयंस्वच्छता चक्रात टाकू नका. पुष्कळजण हा सल्ला देतात, आणि पुष्कळ चांगले पातळ तवे त्यातच वाकलेले किंवा तडकलेले आहेत. ग्राइंडर, सँडपेपर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश यांपैकी काहीही आतल्या बाजूला लावू नका. ज्या गुळगुळीत अंगासाठी जुना तवा घेतला तेच त्यात जाते, शिवाय आरशासारखे घासलेल्या जागी तेलाचा थर धरायला काही उरत नाही.

गंज काढणे

कीट गेल्यावर तवा करडा दिसेल, मधूनमधून नारिंगी. हलका गंज तारेची घासणी, भांड्याचा साबण आणि गरम पाणी यांनीच जातो. दाट गंजाला व्हिनेगर.

पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या. तवा पूर्ण बुडायला हवा, नाहीतर पाण्याच्या रेषेवर कायमची खूण उमटते. अर्ध्या तासाने काढा, घासा, बघा. उरला असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवून झोपायचे नाही! आम्लाला गंज आणि लोखंड यांतला फरक कळत नाही. गंज संपला की ते लोखंड खाऊ लागते आणि गुळगुळीत अंग खरखरीत दगडासारखे होऊन बसते. झाले की चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा.

विजेने गंज काढायची पद्धत सर्वांत कसदार, पण तिला सरंजाम लागतो: प्लॅस्टिकचा पिंप, प्रत्येक गॅलनला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा जुन्या धर्तीचा बॅटरी चार्जर आणि साध्या पोलादाचा पत्रा. ऋण टोक तव्याला, धन टोक पत्र्याला. दोघे एकमेकांना चिकटता कामा नयेत. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी दिसत नाही म्हणून सुरूच होत नाहीत. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. मीठ घालू नका, क्लोरीन सुटतो. हे काम उघड्यावरच करायचे, आणि हात घालण्याआधी चार्जर बंद करायचा. एकाच तव्यासाठी इतका खटाटोप करू नये असे माझे मत.

शेवटचा गंज निघाला त्या क्षणापासून घाई करा. उघडे बीड ओले राहिले तर पाच मिनिटांत डोळ्यांदेखत तांबूस होते. फडक्याने खसखसून पुसा आणि लगेच 200 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 95 सेल्सियसच्या ओव्हनमध्ये वीस मिनिटे ठेवा. पुसताना फडक्यावर थोडा तांबूस रंग आला तर हरकत नाही, तेलाच्या पहिल्या हातात तो जातो.

मुरवणे

तेल तापून लोखंडावर चिवट, कडक थर धरते. तो थर म्हणजेच सीझनिंग. ते तव्यात ‘शोषले’ जात नाही, वर साचते. म्हणून ते पातळ असायला हवे, आणि सारी मेख याच एका गोष्टीत आहे.

तेल कोणते यावर लोक तासन्‌तास भांडतात. क्रिस्कोचे घट्ट वनस्पती तूप, कॅनोला किंवा द्राक्षबियांचे तेल, तिन्ही चालतात. जवसाच्या तेलाची मधे फार लाट होती. त्याचा थर सुरुवातीला काळाभोर, देखणा होतो आणि काही महिन्यांत पापुद्रे धरून निघतो. ते टाळा. आपले साजूक तूप, खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल रोजच्या स्वयंपाकाला उत्तम, पहिल्या थरांना नको.

1. ओव्हनमधून निघालेल्या गरम तव्याला आत, बाहेर, दांड्याला, तळाला, सगळीकडे तेल चोळा. आठ नंबरला एक छोटा चमचा भरपूर झाला.

2. आता स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या सुती फडक्याने ते सगळे पुसून काढा. तेल चुकून लागले होते असे समजून पुसा. तवा कोरडा दिसला पाहिजे. दिसतो त्याहून जास्त तेल त्यावर असतेच.

3. ओव्हनमध्ये उपडा ठेवा, खालच्या जाळीवर ॲल्युमिनियमचा कागद पसरा. 300 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 150 सेल्सियसवर, दहा मिनिटे तापवून बाहेर काढा आणि आणखी एकदा पुसा. गरम होताच तेल पातळ होऊन थेंब धरते, ते थेंब हीच पुसण्याची वेळ.

4. ओव्हन 450 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 230 सेल्सियसवर न्या. तिथे पोचल्यावर एक तास. धूर होईल, खिडकी उघडा, पंखा लावा, आणि पिंजऱ्यात पक्षी असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत न्या.

5. बंद करा, दार न उघडता आतच निवू द्या. ही एक फेरी. अशा तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीनंतर तवा तपकिरी, ठिपकेदार दिसेल. घाबरून आणखी तेल लावू नका. तिसरीनंतर गडद तपकिरी होतो, काळा नंतर वापराने होतो.

अंग चिकट राहिले तर कारण दोनांपैकी एक: तेल जास्त किंवा ताप कमी. रिकामाच पुन्हा 450 अंशांवर तासभर ठेवा, बहुधा सुकतो. ओघळ दिसत असतील तर पुसण्यात कसूर झाली आहे. तेवढी जागा तारेच्या घासणीने घासा आणि तिसऱ्या पायरीपासून पुढे जा. सगळे खोडून पहिल्यापासून करायची गरज क्वचितच पडते.

पहिला महिना

नव्याने मुरवलेल्या तव्यावर पहिल्याच दिवशी घावन घालू नका. चिकटेल, आणि सगळे फुकट गेले असे वाटेल. आधी दोन आठवडे तेलाचे पदार्थ करा: बटाट्याच्या काचऱ्या, रव्यात घोळवलेले मासे, वांग्याचे काप, कटलेट. मग थालीपीठ. भाजणीत तेल सढळ, आच मंद, वर झाकण, अशा रीतीने थालीपीठ तव्याला जेवढे मुरवते तेवढे दुसरे काही नाही. धिरडे त्यानंतर, घावन सगळ्यात शेवटी.

तवा मंद आचेवर पाच मिनिटे तापू द्या, मग तेल. बीड हळू तापते आणि तापले की उष्णता धरून ठेवते. मोठ्या आचेवर घाई केली तर मध्य जळतो, कड थंडच राहते, पातळ तवा वाकतोही. पदार्थ सुटत नसेल तर उलथन्याने ओरबाडू नका. अर्धा मिनिट थांबा. खालून खरपूस झाला की सुटतो.

आंबट काही त्यात शिजवू नका. चिंचेचा कोळ, आमसूल, टोमॅटोचा रस्सा, कढी यांनी थर विरघळतो, भाजी काळपट पडते आणि लोखंडाची चव उतरते. शेवटी लिंबू पिळायला हरकत नाही, पण ते ताटात.

भाकरीचे वेगळे आहे. भाकरीला कोरडा, कडक तापलेला तवा लागतो, आणि तशा तापमानात मधला थर हळूहळू जळून करडा पडतो. भाकरीचे काही बिघडत नाही, घावनाचे मात्र बिघडते. रोज भाकरी होत असेल तर तिच्यासाठी एक वेगळे ग्रिडल ठेवा. भाकरीवर फिरवलेल्या पाण्याने बीड तडकत नाही. तापलेल्या तव्यावर नळाचे पाणी सोडले तर तडकते.

धुवायला साबण चालतो. साबण लावू नये हा दंडक घरच्या कास्टिकच्या साबणाच्या काळातला आहे. भिजत टाकणे आणि डिशवॉशर या दोन गोष्टी मात्र कायमच्या वर्ज्य. तळाला चिकटले असेल तर मूठभर जाड मीठ टाकून फडक्याने घासा. धुतल्यावर मंद आचेवर पाणी उडेपर्यंत ठेवा, तेलाचा थेंब फिरवा, पुसा. माशाचा वास राहिला तर कोरडा तवा 400 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण 200 सेल्सियसवर, वीस मिनिटे ओव्हनमध्ये ठेवा.

शेगडी आणि प्रवास

तळाच्या कडेला उंच कडे असलेले जुने तवे लाकडाच्या चुलीसाठी होते. काचेच्या सपाट शेगडीवर त्या कड्यामुळे तळ अधांतरी राहतो आणि तवा फार सावकाश तापतो. काचेची शेगडी असेल तर सपाट तळाचा तवा शोधा, आणि तो काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा. इंडक्शनवर बीड चालते, पण पहिली पाच मिनिटे सर्वांत खालच्या आकड्यावर.

मुला-मुलींकडे सहा महिने राहून परत निघणारे आई-बाबा असा तवा भारतात न्यायचा म्हणतात, आणि न्यायला ही फार सोयीची वस्तू आहे. अमेरिकन मिक्सर किंवा टोस्टर 120 व्होल्टचे म्हणून इथे अडतात. बिडाला त्याची फिकीर नाही, आपल्या गॅसवर आठ नंबर नीट बसतो. फक्त हातातल्या पिशवीत ठेवू नका, अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षेत बिडाची भांडी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगेत घाला, तोही बॅगेच्या मधोमध, दोन टॉवेलांत गुंडाळून, दांड्याभोवती वेगळे कापड बांधून. बीड कठीण पण ठिसूळ असते, बॅग आपटली की पहिला दांडाच जातो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात चार दिवस न वापरलेला तवाही तांबूस पडतो. जूनपासून तो रोज वापरात ठेवा. ठेवायचाच असेल तर तापवून पूर्ण कोरडा करा, तेलाचा पुसट हात फिरवा, आत वर्तमानपत्राचा कागद घाला आणि उघड्यावर, हवेशीर जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट हवा कोंडते. झाकण असेल तर तेही तव्यावर बसवून ठेवू नका.